जमीन कंपनीची, समुद्र कुणाचाच नाही

नोकरीच्या निमित्ताने मी काही काळ त्रिनिदादच्या पश्चिम किनाऱ्यावर राहिलो, पॉइंट लिसासच्या औद्योगिक वसाहतीजवळ. तिथल्या कारखान्यांत नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि मिथेनॉल तयार होतं आणि जहाजांनी परदेशी जातं. कॅरिबियन म्हटलं की आपल्याला निळं पाणी आणि पांढरी वाळू आठवते, पण इथला समुद्र मातकट आहे. व्हेनेझुएलातली ओरिनोको नदी गाळ आणते आणि पारियाच्या आखातात तो साचत राहतो. दक्षिण अमेरिकेची मुख्य भूमी इथून, जिथे सर्वांत जवळ आहे तिथे, जेमतेम 11 किलोमीटरवर. आखात उथळ. ओहोटी लागली की वॉटर्लू गावापुढचं पाणी लांबवर मागे सरतं आणि चिखलात पाणपक्षी उतरतात. कोकणातल्या खाडीकाठी वाढलेल्या मला हा किनारा लगेच आपला वाटला.

याच चिखलात सिवदास साधूंचं देऊळ आहे. मला तिथे नेलं ते आमच्या घरमालकांनी. त्यांचं सगळं आयुष्य उसाच्या शेतात गेलेलं. गल्लीतले सगळे त्यांना अंकल म्हणत, म्हणून मीही.

ब्रिटिश वसाहतींत 1838 मध्ये गुलाम खऱ्या अर्थाने मोकळे झाले आणि मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे झाले. 30 मे 1845 रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून दोनशेहून अधिक माणसं घेऊन इथे लागलं. 1917 पर्यंत अशी जहाजं येत राहिली. माणसं बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाच्या भोजपुरी-अवधी मुलखातली, पाच वर्षांच्या कराराने बांधलेली. अंकलचे पणजोबा त्यांतलेच.

सिवदास साधू लहानपणी आईवडिलांबरोबर आले आणि मोठेपणी ऊसमजूर झाले. 1947 मध्ये त्यांनी किनाऱ्यावर एक छोटं देऊळ बांधलं. ती जमीन साखर कंपनीची होती. देऊळ हलवा, असा हुकूम आला. त्यांनी नकार दिला. त्यांना 14 दिवसांचा तुरुंगवास झाला आणि देऊळ पाडण्यात आलं. सुटून आल्यावर त्यांनी समुद्रात बांधायला घेतलं. समुद्राला मालक नव्हता. सायकलवरून दगड, रेती, सिमेंट वाहायचं, ओहोटीला चिखलात लोखंडी पिंपं उभी करायची, त्यांत काँक्रीट भरायचं आणि भरती आली की थांबायचं. वर्षानुवर्षं हे काम चाललं. ओरिनोकोच्या गाळाने किनारा उथळ केला नसता, तर एकट्या माणसाला हे जमलं नसतं. आणि गावातली एवढीशी जागा जरी त्याची असती, तर त्याला समुद्रात उतरावं लागलं नसतं. लाटांनी झिजवलेलं ते देऊळ पुढे सरकारने, मजुरांच्या आगमनाच्या 150व्या वर्षाच्या निमित्ताने, नव्याने बांधून दिलं.

परतताना अंकलनी मला जवळच्याच कारापिचायमा गावात नेलं. 85 फूट उंच हनुमान तर लांबूनच दिसतो. पण त्याच्याजवळचं देऊळ दत्तात्रेयाचं आहे, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. घरी दर गुरुवारी ज्याची आरती होते, तो देव इतक्या दूर भेटला, आणि मला भरून आलं.

साखरेचं राज्य मात्र संपलं आहे. 1975 मध्ये सरकारने पूर्णपणे ताब्यात घेतलेली साखर कंपनी 2003 मध्ये बंद करण्यात आली. जवळजवळ 9,000 लोकांची नोकरी गेली. अंकल त्यांतले एक. पॉइंट लिसासच्या वायूवरच्या कारखान्यांत एवढ्या हातांना काम नाही. तिथे थोडी माणसं लागतात, आणि तीही शिकलेली. ज्या जमिनीवर ती वसाहत उभी आहे, तिथेही एके काळी ऊसच होता. मी त्या वसाहतीतल्या पगारावर जगत होतो, म्हणून हे मला जास्तच टोचायचं.

कामगारांना दोन-दोन एकर शेतजमीन भाडेपट्ट्याने द्यायचं ठरलं होतं. ती अंकलच्या हाती पडायला बरीच वर्षं गेली, आणि चार पिढ्यांनी घाम गाळलेली जमीन अजूनही भाडेपट्ट्याचीच असावी, हे मला आजही पटत नाही. मी पाहिली तेव्हा तिथे वांगी, भेंडी आणि भोपळा होता. ऊस कुठेच नव्हता. भोपळ्याला बाजारात बरा भाव मिळाला होता, तेव्हा पुढच्या हंगामात अर्धा एकर भोपळाच लावायचं त्यांनी पक्कं केलं होतं.