पंचेचाळीस दिवसांची उधारी

इचलकरंजी
बुधवार, 1 फेब्रुवारी 2023

अर्थसंकल्पासाठी सकाळपासून ऑफिसात टीव्ही चालू. सात लाखांच्या उत्पन्नापर्यंत कर नाही म्हटल्याबरोबर फोन सुरू झाले. ही सवलत फक्त नव्या करप्रणालीत आहे, हे प्रत्येकाला वेगळं समजावून सांगावं लागलं. या गडबडीत अर्थमंत्र्यांचं एक वाक्य सगळ्यांच्या कानांवरून गेलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घेतलेल्या मालाचा खर्च आता पैसे चुकते केल्यावरच वजावटीला धरणार. संध्याकाळी वित्त विधेयक उघडून बघितलं. आयकर कायद्याच्या कलम 43 बीमध्ये (एच) नावाचं नवं पोटकलम येतंय, 2023-24 च्या हिशेबापासून.

ज्या गावात सूत उधारीवर येतं आणि कापड उधारीवर जातं, तिथं या एका ओळीपुढे सात लाखांची बातमी काहीच नाही. पण त्याबद्दल विचारायला एकही फोन आला नाही.

शुक्रवार, 19 जानेवारी 2024

ज्याची भीती होती तेच. एक कापड व्यापारी खात्यांचे उतारे घेऊन आले. माल उचलला ऑक्टोबरात, पैसे अजून बाकी. नेहमीचंच. त्यांना कागदावर मांडून दाखवलं. समजा, यंत्रमागवाल्याचे दहा लाख मुदतीबाहेर गेले आणि 31 मार्चला द्यायचेच राहिले, तर ते दहा लाख तुमच्या उत्पन्नात मिळवणार. फर्मला 30 टक्के कर, वर उपकर. तीन लाख बारा हजार भरा. पुढच्या वर्षी पैसे दिलेत की वजावट मिळेल, पण तोवर भांडवल अडकलं.

"आणि मुदत किती?"

"लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवस. नसेल तर पंधरा."

"करार? इथं कोण करार करतंय साहेब? तोंडी बोललं की माल निघतो."

खरं आहे. ही मुदत काही नवी नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात ती तशीच आहे; उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. आजच्या 6.75 टक्क्यांनी ते सव्वावीस टक्के होतं. गावात ते व्याज मागितलेला माणूस मी तरी पाहिला नाही. मागून पुढचं गिऱ्हाईक कोण घालवेल? आयकराची भानगड मागे लागली तेव्हा कुठे तो कायदा लोकांना आठवला.

जाता जाता त्यांनी जे विचारलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "मी यांना पंचेचाळीस दिवसांत देईन. बालोतऱ्याची पार्टी मला नव्वद दिवसांनी देते, त्याचं काय?" व्यापाऱ्याला लघुउद्योगांची 'उद्यम' नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या कर्जापुरती. त्याच्या येण्याला पंचेचाळीस दिवसांचं संरक्षण नाही. मधला माणूस दोन्हीकडून दाबला जाणार.

गुरुवार, 1 फेब्रुवारी 2024

अंतरिम अर्थसंकल्प. जुन्या, किरकोळ करमागण्या मागे घेतल्या, ते बरं झालं. 43 बीवर अवाक्षर नाही. व्यापारी संघटना वर्षभराची मुदतवाढ मागतायत.

बुधवार, 14 फेब्रुवारी 2024

यंत्रमागवाले मामा आले. स्वतःचं सूत घेऊन पॉपलीन विणतात, साधे माग. पिशवीतून उद्यमचं प्रमाणपत्र काढून टेबलावर ठेवलं. "साहेब, हे रद्द करून द्या."

"का हो मामा?"

"शेठजी म्हणाले, नोंदणी असेल तर तुमचा माल घेत नाही. नसलेल्याकडून घेतो. मागच्या महिन्यातल्या गाठी परत पाठवल्यात."

परतीचं चलन दाखवलं. कारणाच्या रकान्यात 'माल पसंत नाही'. तोच माल गेली कित्येक वर्षं पसंत होता.

ज्याला वेळेवर पैसे मिळावेत म्हणून दिल्लीत ओळ लिहिली, त्याच्याच गाठी परत आल्या. हेतूत खोट नाही. पण बाजारात भाव आणि मुदत गिऱ्हाईक ठरवतो, आणि नोंदणी नसलेला विणकर शेजारच्या गल्लीत बसलेला असतो. कायद्याने हक्क दिला. तो वापरायला लागणारी ताकद मात्र कायदा देत नाही.

मी नोंदणी रद्द केली नाही. कर्जाचं व्याज, विनातारण कर्जाला मिळणारी हमी, सगळं त्या कागदावर आहे. म्हटलं, "पंचेचाळीस दिवसांचा करार छापून देतो, शेठजींची सही घ्या. 16 फेब्रुवारीनंतर दिलेल्या मालाची मुदत 31 मार्चच्या पुढे जाते. तो माल घ्यायला त्यांना यंदा भीती नाही, मुदतीत पैसे दिले म्हणजे झालं."

मामा म्हणाले, "सही मागितली तर माणूस बिथरतो."

रविवार, 31 मार्च 2024

रविवार असूनही ऑफिस उघडं. एक मात्र कबूल करायला हवं, या पंधरवड्यात जुनी बाकी खूप सुटली. सहा-सहा महिने अडकलेले पैसे आरटीजीएसने येऊन पडले. मामांचेही बरेचसे आले. शेठजींनी त्यासाठी बँकेकडून जादा उचल घेतली म्हणे. म्हणजे विणकराची उधारी शेठजींच्या कॅशक्रेडिटवर गेली. व्याज कुठून वसूल होणार ते पुढच्या भावात दिसेल.

मंगळवार, 23 जुलै 2024

पूर्ण अर्थसंकल्प. टीव्हीवर सोन्याची चर्चा, आयातशुल्क सहा टक्क्यांवर आलं. आमच्या कामाचं एवढंच की बिलं वटवण्याच्या 'ट्रेड्स' यंत्रणेत सामील होण्याची सक्ती 500 कोटींऐवजी 250 कोटी उलाढालीच्या खरेदीदारांपासून. आमच्या गल्लीतल्या शेठजींची उलाढाल त्याच्या जवळपासही जात नाही.

मामांचा भाव मीटरमागे थोडा उतरलाय. शेठजींचं म्हणणं, लवकर पैसे हवेत तर भाव कमी.

शनिवार, 1 फेब्रुवारी 2025

अर्थसंकल्प. बारा लाखांच्या करमाफीचा गजर दिवसभर. लघुउद्योगाची व्याख्या मोठी केली: एप्रिलपासून गुंतवणूक 25 कोटी आणि उलाढाल 100 कोटींपर्यंत लघु. आधी 10 आणि 50 होती. पंचेचाळीस दिवसांच्या कुंपणात आणखी विक्रेते येणार.

ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला आता एकच सांगतो. दोघांच्या सहीचा करार करा. नुसतं बिलाच्या तळाशी छापलेलं चालत नाही. चलनावर माल पोचल्याची तारीख टाकून सही घ्या, कारण दिवस तिथून मोजतात. व्यापाऱ्याचं येणं मात्र अजून उघड्यावरच आहे, आणि आजच्या भाषणातही त्याबद्दल काही नव्हतं.