एका टेबलावर दोन आज्या



मालाडला राहणाऱ्या आपल्यासारख्यांचं बाहेर खाण्यावाचून फारसं अडत नाही. पावभाजीवाला आपणहून विचारतो, "रेग्युलर की जैन?" कच्च्या केळ्याची भाजी वेगळी तयारच असते. पिझ्झा असो, डोसा असो की चायनीज, 'जैन' हा एक शब्द पुरतो. पण हा शब्द ज्यांनी कधी ऐकलेलाच नाही, अशांच्या पंगतीला बसायची वेळ आली तर? आणि तीही सोयरीक जुळताना?

आमच्या घरी या मे महिन्यात तशी वेळ आली. माझे दीर-जाऊ सिंगापूरला असतात. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं, मुलगी तैपेईची, म्हणजे तैवानची. तिची आई आणि आजी दोघी सिंगापूरला यायच्या होत्या. आम्ही मालाडहून सासूबाईंना घेऊन गेलो. मुलीकडच्यांनी आम्हा सगळ्यांना, पुतण्याच्या दोन मित्रांसकट, जेवायला बोलावलं. ठिकाण होतं 'दिन ताई फंग'.

नाव ऐकून मी थोडी माहिती काढली. हे तैवानचं सगळ्यात नावाजलेलं हॉटेल. 1958 साली तैपेईत खाण्याच्या तेलाचं दुकान म्हणून सुरू झालं. पुढे डबाबंद तेल आलं, सुट्ट्या तेलाचा धंदा बसला, तेव्हा 1972च्या सुमारास मालकांनी अर्ध्या दुकानात वाफवलेले बाओ विकायला घेतले. तेल मागे पडलं, बाओ चालले. 1993मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जगातल्या पहिल्या दहा हॉटेलांत त्याचं नाव घेतलं. सिंगापूरला ते 2003पासून आहे. आपल्याकडे धंदा बदललेल्या किती घरांची गोष्ट अशीच आहे! वाचून कौतुक वाटलं.

पण त्याच माहितीत दुसरंही होतं. त्यांचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे शाओलाँगबाओ. पातळ पारीत सारण आणि आत गरम सूप. हे सूप पारीत जातं कसं? डुकराच्या मांसाचा रस्सा थंड करून थिजवतात, त्याचे तुकडे सारणात घालतात आणि वाफेवर ते विरघळतात.

हे सासूबाईंना सांगितल्याशिवाय नेणं मला पटेना. मी सरळ सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मुलगी गुणी आहे, माझं काही म्हणणं नाही. पण मांस वाढतात त्या पंगतीत मी बसायची नाही. तुम्ही जाऊन या."

पुतण्याचा चेहरा उतरला. आजीने न जाणं म्हणजे आजीला सोयरीक मान्य नाही, असाच अर्थ निघाला असता. आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सासूबाईंना आयुष्यभराचा नियम मोडायला सांगणार कोण?

मी पुतण्याला म्हटलं, "आपण काय खात नाही याची यादी पाठवू नकोस. त्यांच्या घरात कोण काय खातं, ते आधी विचार."

त्याने विचारलं आणि जे कळलं ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलीची आजी बौद्ध, कित्येक वर्षांपासून पूर्ण शाकाहारी. कांदा-लसूणही नाही. आई एरवी सगळं खाते, पण चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळते. आपली अष्टमी-चतुर्दशी असते तसंच! आणि जेवणाचा दिवस होता वैशाख पौर्णिमेचा. सिंगापूरला त्या दिवशी बुद्धांच्या नावाने वेसाकची सार्वजनिक सुट्टी असते. त्यामुळे टेबलावर मांसाचा एकही पदार्थ मागवायचा नाही, हे त्यांच्याकडे आधीच ठरलेलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "मग येते. बसेन, खाणार नाही."

माझंही तेच होतं. एकाच स्वयंपाकघरात सगळं शिजतं तिथलं शिजलेलं मी घेत नाही. ज्यांना चालतं त्यांना मी नावं ठेवत नाही, हा ज्याचा त्याचा नियम. विषुववृत्त जवळ असल्याने सिंगापूरला बाराही महिने सूर्य सातच्या आसपास मावळतो. आम्ही दोघी साडेपाचलाच घरी जेवून निघालो.

सुट्टीमुळे हॉटेलबाहेर नंबर लावून बसलेली गर्दी होती. काचेमागे स्वयंपाकघर दिसत होतं. पांढरे कपडे, तोंडाला मास्क, रांगेने उभी असलेली मुलं-मुली पाऱ्या लाटत होती, भरत होती, वजन करत होती. पाच ग्रॅमची पारी, सोळा ग्रॅमचं सारण आणि वर अठरा चुण्या. सासूबाई काचेपाशी थांबल्या. आत काय भरतात ते त्यांना माहीत होतं, तरी त्यांचे डोळे बोटांवरच होते. म्हणाल्या, "मोदकाच्या कळ्या अशा एकसारख्या पाडायला मला दहा वर्षं लागली."

टेबलावर पालेभाजी आली, तिळाच्या चटणीतल्या शेवया आल्या, भाज्या आणि मशरूम भरलेले बाओ आले. मशरूम आपल्याला अभक्ष्य, पण आम्ही खाणारच नव्हतो, म्हणून तो विषय काढण्याचं कारण नव्हतं. तरी दोन रिकाम्या थाळ्या सगळ्यांना खुपत होत्या. मुलीची आई पुन्हा पुन्हा बाओची टोपली आमच्याकडे सरकवत होती.

अजून सूर्य मावळायला वेळ होता, म्हणून सासूबाईंनी गरम पाणी मागितलं. वेटरला त्यात काही नवल वाटलं नाही, कारण चिनी लोकांत साधं गरम पाणी पिण्याची रीतच आहे. समोरच्या आजींनीही तेच मागवलेलं. दोन पेले समोरासमोर आले तशा त्या हसल्या आणि मुलीकडून विचारलं, "तुमच्याकडेही?" सासूबाईंनी सांगितलं की आमच्याकडे तपात उकळलेलंच पाणी पितात, आणि तेही सूर्यास्तापर्यंत. आता चौविहाराचे पच्चक्खाण घेतले की उद्या सकाळपर्यंत काही नाही.

मला वाटलं, आता हे समजावता समजावता जेवण संपेल. पण आजींनी लगेच मान हलवली. त्यांच्या विहारांत कडक नियम पाळणारे भिक्षू दुपारनंतर जेवत नाहीत. त्या आपल्या मुलीला काहीतरी म्हणाल्या आणि टोपली सरकवणं थांबलं. रिकाम्या थाळ्या उचलून नेल्या आणि आमच्यासमोर फक्त पेले राहिले. आमचा अवघडलेपणा तिथेच संपला.

उठताना आजींनी सासूबाईंना दोन्ही हातांनी एक डबा दिला. तैपेईहून आणलेली बिस्किटं. डब्यावर स्वस्तिक! सासूबाईंनी ते बोट फिरवून पाहिलं. आपण देरासरात अक्षतांनी काढतो त्याच्या उलट दिशेला वळलेलं होतं, पण स्वस्तिकच. तैवानमध्ये शाकाहारी हॉटेलांवर आणि पाकिटांवर हे चिन्ह असतं, असं मुलीने सांगितलं. शिवाय तिथे शाकाहारी मालावर प्रकारही छापावा लागतो. पूर्ण शाकाहारी, अंड्याचं, दुधाचं, अंडं-दूध दोन्हींचं, आणि पाचवा प्रकार म्हणजे कांदा-लसूण वर्गातलं काही असलेलं. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्यापेक्षा हे बरंच बारकाईचं आहे.

तरीही मी विचारलंच, "आत काय आहे?" आत होतं अळकुडीचं सारण. तैवानमध्ये अळकुडी आणि रताळं फार आवडीने खातात.

सासूबाईंनी डबा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि पुतण्याला म्हणाल्या, "अरे, त्यांना खरं काय ते सांग. नाहीतर दर वेळी आणतील आणि मी दर वेळी वाटून टाकीन." मग त्याने सांगितलं की जमिनीखालचं कंद-मूळ आम्ही खात नाही. एका कंदात अनंत जीव मानतो, आणि ते उपटलं की झाडही जातं.

आजींनी विचार करून विचारलं, "मग शेंगदाणा?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्याला प्रत्येक जण विचारतो! सासूबाईंना उत्तर तयार होतं. शेंगदाणा मूळ नव्हे, ते फळ आहे. फूल वर येतं, त्याची दांडी मातीत शिरते आणि तिथे शेंग धरते. ती अनंतकाय नाही. आजींना ते पटलं असावं, कारण त्यांनी पुढचं विचारलं नाही, आपलं सांगितलं. त्यांच्याकडे पाच उग्र गोष्टी वर्ज्य आहेत. कांदा, लसूण आणि त्याच जातीच्या आणखी दोन पाती. शिजवून खाल्ल्या तर वासना वाढते आणि कच्च्या खाल्ल्या तर राग, असं त्यांचं शास्त्र सांगतं. आपण प्रथम जीवहिंसा बघतो, त्या प्रथम मन बघतात. लसूण मात्र दोन्ही घरांत नाही. आलं त्यांना चालतं, आपल्याला नाही.

आणि पाचवी गोष्ट कोणती? हिंग!

मी दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना जावेकडे जेवायला बोलावलं होतं. सगळा बेत मनात तयार होता. आपला स्वयंपाक कांदा-लसणाशिवाय चविष्ट लागतो तो कशाच्या जोरावर? हिंगाच्याच. मुळाशी चीर देऊन काढलेला तो चीक आपल्याकडे चालतो, फोडणीत रोज पडतो. त्या बाईंनी मात्र तो कित्येक वर्षं वर्ज्य मानलेला.

सकाळी जाऊ आणि मी डबे तपासायला बसलो. पापडात हिंग. कैरीच्या लोणच्यात हिंग. मेतकुटात हिंग. मालाडहून नेलेल्या फरसाणात हिंग. एकेक बाजूला ठेवत गेलो तसं जाऊ म्हणाली, "आता वाढायचं काय?"

वरणाला तुपात जिरं, कढीपत्ता आणि भरपूर मिऱ्याची फोडणी दिली. आंबटाला आमसूल, चिमूटभर सुंठ. दुधीची भाजी ओल्या नारळात. चतुर्दशी-पौर्णिमा झालेल्या, म्हणून भेंडीही केली. पुऱ्या, साधा भात, लिंबू. दूध त्यांना चालतं, अंडं नाही, हे विचारून घेतलं होतं. वरण होतं, द्विदल नको म्हणून श्रीखंडाऐवजी शेवयांची खीर केली.

आजींनी पहिल्या घासाआधी मुलीकडून विचारलं, "यात हिंग?" सासूबाईंनीच उत्तर दिलं, "नाही. तुमच्यासाठी काढला." आजींनी हात जोडले आणि वरण-भात दोनदा घेतला. सासूबाईंचा हिंगाशिवाय वरणाचा तो पहिलाच दिवस. संध्याकाळी मला म्हणाल्या, "चव कमी होती गं, पण जेवण चांगलं झालं." लग्नाची तारीख त्या दुपारीच ठरली. जेवण दुपारी, आणि शुद्ध शाकाहारी, हे मुलीच्या आईने आमच्याआधी सुचवलं.

जाता जाता एक कामाचं सांगते. तैवानचं आणखी एक खाणं आपल्या मुलींनी केव्हाच आपलंसं केलं आहे, मॉलमध्ये मिळणारा बबल टी. 1980च्या दशकात तो तैवानमध्येच निघाला. त्यातले काळे मऊ मणी टॅपिओकाचे, म्हणजे कसावा या कंदाच्या स्टार्चचे असतात. आपला साबुदाणाही त्याच कंदाचा. ज्या घरात साबुदाणा वर्ज्य आहे तिथे हे मणीही वर्ज्य, हे मुलींना माहीत असू द्या. तोंडात फुटणारे रसाचे मणी बहुधा समुद्री शेवाळापासून काढलेल्या पदार्थाच्या पापुद्र्यात भरतात, आणि शेवाळ आपण अनंतकायात धरतो. 'व्हेज आहे' या उत्तरावर थांबू नका, 'कशाचं आहे' ते विचारा. मण्यांशिवायचा चहाही मिळतो, मैत्रिणींबरोबर तो पिता येतो.

आणि घरी कुणाला बोलवाल तेव्हा, मग ती मालाडची शेजारीण असो की परदेशची विहीणबाई, आपला नियम सांगण्याआधी तिला एकदा विचारा, "तुम्ही काय खात नाही?" आपल्याला हा प्रश्न कुणी आपणहून विचारला की किती बरं वाटतं, ते आपल्यापेक्षा जास्त कोण जाणतं!

जय जिनेंद्र.