दीड हजारांची दुर्बीण

आमच्या शाळेंत गेलीं बावीस वर्षें मी पदार्थविज्ञान शिकवितों. भिंगें, आरसे व लोलक यांविषयीं या अवधींत हजार वेळां बोललों असेन. परंतु त्या विषयांत माझी स्वतःची परीक्षा गतवर्षीं दिवाळीच्या सुटींत एका शेतकऱ्याच्या खळ्यांत झाली, आणि तींतील पहिल्याच प्रश्नाचें उत्तर मीं चुकविलें. ही हकीकत विद्यार्थ्यांपुढें मांडतांना संकोच वाटतो खरा. पण जो दुसऱ्यांच्या चुकांखालीं तांबड्या शाईच्या रेघा ओढतो, त्यानें आपली एखादी चूक छापून देण्यास हरकत नसावी.

आमच्या दहावीच्या वर्गांतील एका मुलीस नेमबाजीचा छंद लागला. १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनीं ५० मीटर रायफलच्या त्रिस्थिति स्पर्धेंत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकलें, तेव्हांपासून त्यांचें वर्तमानपत्रांतील छायाचित्र तिच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटविलेलें आहे. मामानें तिला छर्र्याची एक साधी बंदूक दिली. छर्रा ४.५ मिलिमीटरचा व शक्ति २० ज्यूलच्या आंत असल्यास अशा हवेच्या बंदुकीस २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें परवाना लागत नाहीं. तथापि परवाना नाहीं म्हणून ती खेळणें ठरत नाहीं, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें. सुदैवानें मुलीचे वडील सावध गृहस्थ. बोराडीच्या रस्त्यावर त्यांची पांच एकर कपाशी आहे. खळ्याच्या टोकाशीं अरुणावतीच्या वाळूनें भरलेल्या पोत्यांची छातीइतकी उंच भिंत त्यांनीं रचली होती, आणि मोठें माणूस जवळ असल्याखेरीज बंदुकीस हात लावावयाचा नाहीं असा दंडक घातला होता.

एके दिवशीं सायंकाळीं ते माझ्या घरीं आले व पिशवींतून एक खोकें काढून त्यांनीं माझ्यापुढें ठेवलें. आंत बंदुकीवर बसविण्याची दुर्बीण होती. ती चौपट मोठें दाखविणारी, पुढील भिंग २० मिलिमीटर व्यासाचें, आणि किंमत दीड हजार रुपये. सात दिवसांच्या आंत परत करण्याची सोय होती. ते म्हणाले, "सर, तुम्ही चांगली म्हणाल तर ठेवतों. वेचणीच्या मजुरीचे पैसे आहेत हे."

येथें माझ्या मनाची एक दुर्बळता सांगितली पाहिजे. महाविद्यालयांत असतांना राष्ट्रीय छात्रसेनेंत मीं .२२ बोअरच्या रायफलीनें २५ मीटरांवर नेमबाजी केली होती. त्या रायफलीस भिंग नव्हतें. पुढें एक माशी व मागें एक खांच, एवढेंच काय तें. माझे नेम जे चुकले, त्यांचें खापर मी तेव्हांपासून मनांतल्या मनांत त्या नसलेल्या भिंगावर फोडीत आलों होतों. त्यामुळें दुर्बिणीचें नांव निघतांच मी हुरळलों. आम्ही गच्चीवर गेलों. उत्तरेस सातपुड्याची रांग मावळतीच्या प्रकाशांत निळसर दिसत होती. अलीकडे एका जलकुंभाची शिडी. त्या शिडीच्या पायऱ्या मीं दुर्बिणींतून मोजल्या. प्रतिमा स्वच्छ, कडेला रंगाची झांक अगदीं थोडी. मीं दुर्बीण त्यांच्या हातीं दिली व म्हणालों, "उत्तम आहे. ठेवा."

ते समाधानानें घरीं गेले. खोकें त्याच रात्रीं चुलींत गेलें.

चौथ्या दिवशीं मुलीचा निरोप आला कीं दुर्बिणींतून लक्ष्य धुरकट दिसतें व छर्रे भलतीकडे जातात. मी खळ्यांत गेलों. तिची आजी बाजेवर सरकी निवडीत बसली होती. बंदुकीवर बसविलेली ती नळी पाहून तिनें विचारलें, "हाई काय शे?" मीं मोठ्या थाटानें समजावून सांगितलें, आणि मग बंदूक वाळूच्या पिशव्यांवर घट्ट टेकवून दहा मीटरांवरील कागदाकडे पाहिलें. वर्तुळांच्या रेषा एकमेकींत मिसळल्या होत्या. बंदुकीस स्पर्श न करतां मीं केवळ डोळा डावीकडून उजवीकडे नेला, तों आंतील फुली कागदावरून सरकूं लागली.

त्या क्षणीं मला घाम फुटला. दोन टांचण्या उभ्या करून, डोळा हलवून, त्या एकमेकींपासून ढळतात कीं नाहीं हें पाहण्याचा लंबनाचा प्रयोग मी दरवर्षीं मुलांकडून करून घेतों. भिंगाची प्रतिमा व फुली एकाच प्रतलांत असल्या तरच डोळा हलूनही फुली स्थिर राहते. स्वस्त दुर्बिणींत ही जुळणी कारखान्यांतच एखाद्या लांबच्या अंतरासाठीं कायमची केलेली असते. ही दुर्बीण सुमारें १०० मीटरांसाठीं जुळविलेली असावी. तसें धरल्यास २० मिलिमीटरच्या भिंगाच्या कडेला डोळा गेला असतां दहा मीटरांवर फुली गणितानें ९ मिलिमीटर ढळते. मीं कागदावर मोजलें तें सुमारें ८ भरलें. दहा मीटरांच्या लक्ष्यावरील वर्तुळें अडीच अडीच मिलिमीटरांनीं वाढतात, आणि मधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. म्हणजे नुसती मान किंचित् वांकडी झाली कीं तीन वर्तुळें गेलीं! वापर दहा मीटरांवर, आणि मीं परीक्षा घेतली ती सातपुड्यावर.

आतां निदान उरलेली परीक्षा तरी नीट घ्यावी, म्हणून आम्ही दोन दिवस खपलों. दोष हाताचा कीं दुर्बिणीचा, हें आधीं ठरविणें अवश्य होतें. दुर्बीण काढून, बंदुकीच्या मूळच्या माशीवर नेम धरून, पिशव्यांवरून मुलीनें दहा छर्रे मारले. तीं सर्व भोंकें एका रुपयाच्या नाण्याखालीं झांकलीं गेलीं. दुर्बीण लावून तेच दहा मारले, तेव्हां दोन नाणीं शेजारीं शेजारीं ठेवावीं लागलीं. मग फुली सरकविण्याचे खटके तपासले. वीस खटके उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे, वीस खालीं, व प्रत्येक वळणावर पांच छर्रे. अशा रीतीनें चौकट पुरी झाल्यावर शेवटचे छर्रे आरंभींच्या जागीं पडावयास हवेत. ते ७ मिलिमीटर खालीं पडले. पुनः केलें, दुसऱ्या खेपेस डावीकडे गेले. दोष नेहमीं एकाच बाजूस असता तर हिशेबांत धरतां आला असता. हा तर लहरी निघाला.

तिसरी गोष्ट मुलीच्याच ध्यानांत आली. दुर्बिणीच्या कड्याशेजारीं तिनें पेन्सिलीची रेघ ओढून ठेवली होती. साठ छर्र्यांनंतर कडें तांदळाच्या दाण्याइतकें मागें सरकलेलें आढळलें. स्प्रिंगच्या बंदुकींत दट्ट्या पुढें सुटतांना बंदूक मागें हटते, व तो नळीच्या मुळाशीं आदळतांच तिला पुढें हिसका बसतो. या दुहेरी धक्क्यापुढें पुष्कळ बळकट दुर्बिणीही टिकत नाहींत, मग हिचा काय पाड! मात्र दोषच सांगितले तर न्याय होणार नाहीं. भिंगें स्वच्छ होतीं, वजन थोडें होतें, आणि दूरचें दृश्य खरोखरच चांगलें दिसत होतें.

सहाव्या दिवशीं मुलगी वही घेऊन आली व त्या छायाचित्रावर बोट ठेवून म्हणाली, "सर, यांच्या बंदुकीवर दुर्बीण कुठें आहे?"

मीं चष्मा पुसून पाहिलें. डोळ्याजवळ एक काळी तबकडी तेवढी होती. मग आंतरराष्ट्रीय नियम काढून वाचले. ऑलिंपिक पद्धतीच्या रायफल स्पर्धेंत मोठें दाखविणारी दुर्बीण बंदुकीवर चालतच नाहीं! ५० मीटरांवर दहाचें वर्तुळ १०.४ मिलिमीटरचें व गोळी ५.६ मिलिमीटरची, एवढें छिद्र तेथून नुसत्या डोळ्यास दिसत नाहीं, म्हणून नेमबाज शेजारीं तिवईवर दुर्बीण ठेवीत, तीही केवळ गोळी कोठें लागली हें पाहण्यासाठीं. आतां मोठ्या स्पर्धांत विद्युत्-लक्ष्यें असल्यानें तें काम पडदा करतो. नेम धरावयाचा तो तबकडींतील बारीक छिद्रांतून. सूचिछिद्र कॅमेऱ्याचाच हा न्याय आहे: छिद्र लहान झालें कीं जवळची माशी व दूरचें लक्ष्य दोन्ही बऱ्यापैकीं स्पष्ट दिसतात. २०१० सालीं म्यूनिक येथें ५० मीटर प्रोन प्रकारांत जगज्जेत्या ठरलेल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांचाही नेम अशाच छिद्रांतून लागला होता. आणि हा धडाही मी दरवर्षीं शिकवितों!

त्या संध्याकाळीं मी स्वतः वडिलांकडे गेलों व सर्व सांगितलें. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग पैसा गया ना, सर?" मुदत एक दिवस उरली होती, पण खोक्यावांचून वस्तु परत घेत नाहींत असें विक्रेत्यानें कळविलें. चूक माझी, म्हणून मीं दीड हजार रुपये पुढें केले. ते घेईनात. पुष्कळ आग्रहानंतर त्यांनीं निम्मे घेतले, व ते देखील मुलीच्या छर्र्यांसाठीं म्हणून.

दुर्बीण आतां त्यांच्या माळ्यावर असते. शेजारच्या केळींत रानडुकरें शिरलीं कीं नाहीं, हें चांदण्या रात्रीं तींतून पाहतां येतें म्हणतात. मुलगी मूळच्या माशीवरच सराव करते. मागील महिन्यांत ते पुनः आले. छिद्राच्या तबकडीची एक जुनी जोडी कोणी तीन हजारांस देत होता. पिशवी उघडून त्यांनीं ती माझ्या हातावर ठेवली आणि माझ्या तोंडाकडे पाहूं लागले. मीं ती तशीच कागदांत गुंडाळून परत दिली व विचारलें, "आज खळ्यांत उजेड किती वाजेपर्यंत असतो?"