वाटी, मूठ, ग्रॅम

आमच्या हैदराबादमधल्या काचीगुड्याच्या घरात कुत्र्याला किती घालायचं, हा प्रश्न आजीला कधी पडला नाही. उरेल तितकं. सगळ्यांची पानं उठली की ती शिळी ज्वारीची भाकरी ताकात कुस्करायची, मागच्या दारी जाऊन ‘यू यू’ करायची आणि दगडी कुंडीत ओतून मोकळी व्हायची. एखाद्या दिवशी पाहुणे आले तर कुत्र्याला नुसतं ताक. सणाला पुरणपोळीचा तुकडा. आजी नांदेडची. 1956 साली निजामाच्या जुन्या राज्याचे तीन तुकडे झाले, तिचं माहेर मुंबई राज्यात गेलं आणि ती इथेच राहिली. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट ती शेजारच्या माणसाची सांगावी तशी सांगायची, कारण नामदेवांची नरसी तिच्याच मुलखातली. आजचा जनावरांचा डॉक्टर त्या तुपाला हरकत घेईल, पण ते असो.

आमच्या त्या कुत्र्याला गल्लीतली आणखी घरंही घालत. एकूण किती पोटात गेलं याचा हिशेब कुणाकडेच नव्हता. तरी तो कधी सुटला नाही. दिवसभर काचीगुडा स्टेशनपर्यंत हुंदडायचा, रात्री भांडायचा. जास्तीचं सारं पायांनी फेडून टाकायचा.

लग्नानंतर बरकतपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये मांजर आली आणि उलटीच तऱ्हा. वाढलेलं निम्मं ताटलीत तसंच. सासूबाई म्हणायच्या, ‘हिला आवडत नाही, दूध द्या.’ मांजराची जात मुळात दिवसभरात थोडं थोडं, पुष्कळदा खाणारी. चार किलोच्या घरबशा मांजरीला दिवसाला दोनशे ते अडीचशे किलोकॅलरी पुरतात, आणि एका उंदरात तीसेक असतात. म्हणजे सात-आठ उंदीर, तेही एका बैठकीत नाहीत. दूध तर बऱ्याच मोठ्या मांजरांना पचतही नाही. पण हे सासूबाईंना कोण सांगणार?

खरा प्रश्न उभा राहिला तो बाळकी आल्यावर. बाळकी म्हणजे गावठी कुत्री, तांबूस, एक कान कायम मोडलेला. नसबंदीनंतर तिची भूक तीच राहिली आणि गरज मात्र कमी झाली. डॉक्टरांनी काट्यावर ठेवण्याआधी तिच्या बरगड्यांवरून बोटं फिरवली आणि मला म्हणाले, ‘मूठ वळा.’ वळली. ‘बोटांच्या गाठींवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर कुत्रा उपाशी. आता हात सरळ करून पंजाच्या मागच्या बाजूवरून फिरवा. असं लागलं तर ठीक. आणि तळहाताच्या मांसल भागासारखं लागलं तर कमी करा.’ बाळकी तळहात होती.

मग आकडे आले. दहा किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला साधारण 394 किलोकॅलरी लागतात, वीस किलोच्याला 662. वजन दुप्पट, गरज दुप्पट नाही, हे मला फार गमतीचं वाटलं. नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्यासाठी त्याला 1.6 ने गुणायचं, म्हणजे वीस किलोच्या बाळकीला हजार-अकराशे. हाही अंदाजच, पुन्हा बरगड्या चाचपायच्या. पुड्यावरचा तक्ता त्याहून ढोबळ, त्याला माझी बाळकी दिवसभर कूलरसमोर पडून असते हे काय माहीत! आणि मे महिन्यात हैदराबादचा कुत्रा तसाही कमीच खातो.

स्वयंपाकघरातला काटा त्यासाठीच आणला, पण तो मुख्यतः बाबांच्या कामाला आला. त्यांना मधुमेह. तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारतक्त्यावर त्यांची श्रद्धा होती. ही संस्था 1958 मध्ये कुन्नूरहून हैदराबादला आली. बैठं काम करणाऱ्या 65 किलोच्या पुरुषाला 2110 किलोकॅलरी, हा तिचा आकडा ते पाहुण्यांनाही सांगत. स्वतःचा भात ग्रॅममध्ये मोजणारा हा माणूस संध्याकाळच्या चहाला उस्मानिया बिस्किट अर्धं मोडून टेबलाखाली धरायचा. ‘अर्धंच तर आहे.’ मी म्हणे, वरखाण्याचं सगळं मिळून दिवसाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं. ते म्हणत, ‘मी माझ्या वाट्याचं देतोय.’ यावर काय बोलणार? अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या करून एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी घातलं आणि जन्मभर पाहिलं. कमी खाणारी सरासरी 1.8 वर्षं जास्त जगली. 2002 साली हे छापून आलं. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, ‘त्यांना कुणी विचारलं का?’ मला त्यांचं पटलं नाही, अजूनही पटत नाही. भुकेलं तोंड पाहवत नाही ही आपली अडचण, तिचा इलाज कुत्र्याच्या पोटात का शोधायचा?

आता बाळकीही नाही, बाबाही नाहीत. आमच्या गल्लीच्या टोकाला चार-पाच भटकी कुत्री आहेत आणि मोजणं पुन्हा अवघड झालं आहे. 2023 च्या फेब्रुवारीत अंबरपेठेत चार वर्षांच्या मुलाचा कुत्र्यांच्या हल्ल्यात जीव गेला, तेव्हापासून इथे अन्न घालणाऱ्याकडे लोक रोखून बघतात, आणि त्यांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. 22 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या जागीच अन्न घाला असं सांगितलं. आमच्या सोसायटीने ट्रान्सफॉर्मरमागचा कोपरा ठरवला. संध्याकाळी सातला मी भात आणि कोंबडीवाल्याकडचे उकडलेले पाय हाडं काढून नेते. उरेल इतकं आणलं तर उंदीर येतात, कमी पडलं तर झुंज लागते. म्हणून प्रत्येकासाठी वेगळा कागद, लांब लांब. वॉचमन बघत असतो. ‘अम्मा, इस्कू बस करो, ये सबेरे बी खाया,’ असं त्यानेच सांगितलं एकदा, लंगड्या काळ्याकडे बोट करून. चाचपून पाहिलं, तळहात. बिर्याणीच्या हाडांवर पोसला होता. त्याचा भात मी कमी केला आणि हाडं टाकणाऱ्या दोन घरांशी बोलले. एका घराने ऐकलं.