कोर्टाच्या दाराशी

९ डिसेंबर
१९९८ साली आजच्या तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांसाठी झटणाऱ्यांच्या बाजूने जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या पाठपुराव्यात नॉर्वे पुढे राहिला. जाहीरनामा कायद्याने बांधत नाही. त्यामुळे परदेशी वकिलाती त्याची आठवण किती नेटाने करून देतात, यावर बरंच अवलंबून असतं.

१० डिसेंबर
ओस्लो, २०१०. शांततेच्या नोबेलचे विजेते, मानवी हक्कांसाठी झटणारे चिनी लेखक लिऊ शियाओबो चीनच्या तुरुंगात, मंचावर त्यांची रिकामी खुर्ची. समारंभाला जाऊ नका, असा चीनचा दबाव होता. रशिया, पाकिस्तान गेले नाहीत. भारताचे राजदूत गेले. मला त्याचा आजही अभिमान आहे.

१९ डिसेंबर
नोबेल समिती नॉर्वे सरकारच्या हुकमातली नाही, तरी लिऊंच्या पुरस्कारावरून चीनने सहा वर्षं नॉर्वेशी संबंध गोठवले. २०१६ मध्ये याच दिवशी समेट झाला. चीनच्या ‘मूलभूत हितसंबंधां’ना बाधा आणणाऱ्या कृतींना पाठिंबा देणार नाही, असं नॉर्वेने लिहून दिलं. पुढच्या जुलैत लिऊ कर्करोगाने मरणाच्या दारात होते, तेव्हा ओस्लोचं सरकार जवळजवळ गप्प राहिलं. हे मला फार लागलं.

२३ डिसेंबर
२००९ मध्ये आज बीजिंगच्या कोर्टात लिऊंचा खटला चालला. डझनाहून अधिक देशांच्या वकिलातींतले अधिकारी थंडीत बाहेर उभे होते. एकालाही आत सोडलं नाही. नाताळच्या दिवशी अकरा वर्षांची शिक्षा झाली.

मग उभं राहून मिळालं काय? माझ्या मते पुष्कळ. खटल्यांना हजर राहा, कार्यकर्त्यांना भेटा, कैदेतल्यांची चौकशी करा, अशा सूचना युरोपीय संघाने २००४ पासून आपल्या वकिलातींना दिल्या आहेत. दाराशी उभा असलेला अधिकारी आरोपीचं नाव टिपून घेतो, मायदेशी कळवतो. मग मंत्री व्यापाराच्या बोलण्यांना बसतात तेव्हा ते नाव त्यांच्या कागदांत असतं. घरच्यांनाही कळतं की, आपल्या माणसाला जग विसरलेलं नाही. मात्र पुढच्या भेटीत, त्याच्या पुढच्या भेटीतही ते नाव निघालं पाहिजे.

२६ डिसेंबर
लिऊंच्या पत्नी लिऊ शिया यांच्यावर कसलाही आरोप नव्हता, तरी जवळपास आठ वर्षं त्या घरात कोंडलेल्या होत्या. जर्मनीने त्यांचा विषय सोडला नाही. बरंचसं बोलणं बंद दाराआड झालं. ९ जुलै २०१८ रोजी जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर मर्केल आणि चीनचे तेव्हाचे पंतप्रधान ली खछियांग बर्लिनमध्ये भेटले. दुसऱ्याच दिवशी लिऊ शिया बर्लिनला पोहोचल्या. त्यांचा धाकटा भाऊ मात्र चीनमध्येच राहिला, आणि त्याच्या काळजीने त्यांना बाहेर येऊनही मोकळेपणी बोलता येईना. त्या भावाची विचारपूसही बर्लिननेच करत राहायला हवी.