सर्वात मोठा दिवस, काळी सायकल आणि कांदा

२१ जून हा वर्षातला सर्वात मोठा दिवस, हे आपण शाळेच्या भूगोलात घोकलेलं असतं. पण आपल्याकडे त्याचं कौतुक कुणाला? युरोपातले टीममेट शेकोट्यांचे फोटो पाठवतात, तेव्हा आपण माळ्यावरची छत्री शोधत असतो. आपला उन्हाळा मे महिन्यातच उरकतो. जूनमध्ये दिवस मोठा असतो खरा, पण ढगांच्या मागे :-)

यावेळी २१ जून रविवारी आला आणि मी लासलगावला मामांकडे होतो. मामांची डबल बारची काळी सायकल अजून ठणठणीत आहे. म्हटलं, उजाडल्यापासून जमेल तेवढं फिरायचं. हिशोब सोपा आहे. लासलगाव साधारण २०.१५ अक्षांशावर, त्यामुळे दिवस १३ तास २० मिनिटांचा. सूर्य सहाच्या जरा आधी उगवतो आणि सव्वासातला मावळतो. लंडनला हाच दिवस साडेसोळा तासांपेक्षा मोठा असतो. असो.

आधी मार्केट यार्ड. इथली बाजार समिती १९४७ सालची आणि आशियातली सर्वात मोठी कांद्याची बाजारपेठ ही तिची ओळख. एरवी ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, व्यापारी एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकत बोली लावतात, आणि चार महिन्यांच्या कष्टाचा भाव मिनिटभरात ठरतो. रविवारी मात्र सगळं शांत. वाऱ्यावर उडणारी कांद्याची टरफलं तेवढी होती.

गावातच भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक' आहे, २००२ पासूनचं. तिथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याला कोंब फुटणं थांबवतात. २००७ साली अमेरिकेला गेलेला आपला हापूस इथूनच किरण खाऊन गेला होता! पण एक गोम आहे. किरणांनी कोंब थांबतो, सड थांबत नाही. त्यासाठी नंतर शीतगृह लागतं, आणि त्याचा खर्च प्रत्येकाला परवडत नाही.

मग विंचूरचा रस्ता धरला. पानिपतातून जिवंत परतलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचं हे गाव. आता इथे एमआयडीसी आहे, वाइन पार्कसुद्धा आहे. साडेबाराच्या सुमाराला ढग जरा फाटले आणि एक गंमत दिसली. विजेच्या खांबाची सावली जेमतेम हातभर होती, आणि तीही दक्षिणेला! या दिवशी सूर्य कर्कवृत्तावर असतो आणि आपण त्याच्या खाली, म्हणून भर दुपारी तो आपल्या किंचित उत्तरेला जातो. शून्य सावलीचा दिवस इथे मे महिन्यातच होऊन गेलेला असतो. जन्मभर सावली उत्तरेलाच पडते असं धरून चाललेल्या माझ्यासारख्याला हे भारीच वाटलं.

परत आलो तर मामा चाळीपाशी उभे होते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कांदाचाळ म्हणजे जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली, फटीफटींची लांबलचक खोली. खालून आणि बाजूंनी वारा खेळला पाहिजे. मार्च-एप्रिलमध्ये काढलेला उन्हाळ कांदा इथे दिवाळीच्या आसपासपर्यंत ठेवतात. आपल्या भाषेत बफर. फक्त हा बफर रोज आपोआप रिकामा होत असतो. कांदा सुकतो, सडतो, कोंब फुटतात. चार-पाच महिन्यांत ३०-४० टक्के घट सहज येते.

"मामा, भाव चढेपर्यंत थांबा ना," मी म्हणालो.

"थांबलो होतो की तेवीस साली," मामा म्हणाले. "ऑगस्टात भाव हलला अन् लगेच चाळीस टक्के ड्युटी लागली. लिलावच बंद पडले. चाळीतल्या कांद्याला काय सांगू, जरा दम धर म्हणून?"

त्याच वर्षी ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली, ती उठली ४ मे २०२४ ला. निर्यातशुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडलं. शहरात भाव वाढला की आपण बोंब मारतो, तिची कळ अशी इथे दाबली जाते. आपला किलोमागे वीस रुपयांचा प्रश्न असतो. इथे मामेबहिणीची कॉलेजची फी त्याच चाळीत ठेवलेली होती.

मी फोनवर एक्सेल उघडून घट विरुद्ध भाव मांडून दाखवलं. मामांनी बघितलं, हसले, आणि चाळीत हात घालून तीन कांदे काढले. एक दाबला, एक हुंगला, एक कापला. मग म्हणाले, "अर्धा उद्या काढू. अर्धा राहू दे."

माझ्या तक्त्याचं उत्तरही साधारण तेच होतं, पण त्याला कांद्याचा वास कळत नव्हता :-)

मग मामी, बहीण आणि मी निवडायला बसलो. चांगला एकीकडे, डागी दुसरीकडे. आभाळ भरलं होतं, तरी सात वाजून गेल्यावरही हातातला कांदा स्पष्ट दिसत होता. एक ट्रॉली पूर्ण भरली. डिसेंबरात एवढ्या वेळेला दिवा लावावा लागला असता.