अपडेटनंतर कोण राहिले?



उपासनेत गीतांचे शब्द पडद्यावर दाखवणारा आणि घरी अंथरुणाला खिळलेल्यांपर्यंत उपासना पोहोचवणारा आपल्या मंडळीचा जुना लॅपटॉप लिनक्सवर चालतो. अपडेट झाल्यावर त्याचे वायफाय का जाते, असे तिघाचौघांनी मला विचारले. उत्तर देताना दर वेळी मला प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आठवतो, म्हणून दोन्ही एकत्रच लिहिते.

आधी यंत्राचे. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल (फौजेतला नव्हे). लिनस टोरवाल्ड्स यांनी तो 1991 साली लिहायला घेतला. वायफाय, आवाज, कॅमेरा यांच्याशी बोलणारे बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या मूळ कोडमध्येच असतात. त्या कोडला तिथले लोक ‘ट्री’ म्हणतात, झाड. त्यांचा एक नियम मला फार आवडतो. कर्नलच्या आतली एखादी जोडणी ज्याने बदलली, त्यानेच ती वापरणारा झाडावरचा प्रत्येक ड्रायव्हर दुरुस्त करून द्यायचा. पण काही ड्रायव्हर झाडाबाहेर असतात. एनव्हिडियाचे ग्राफिक्सचे, ब्रॉडकॉमच्या काही जुन्या वायफाय कार्डांचे. आतल्या जोडण्या आहेत तशाच राहतील असे वचन कर्नलवाले कुणालाच देत नाहीत, आणि तसे त्यांनी उघड लिहून ठेवले आहे. जोडणी बदलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. बाहेरचा ड्रायव्हर त्याच्या नजरेसमोरच नसतो.

आता यरुशलेमेकडे वळू. शिष्यांची संख्या वाढत होती, म्हणजे आनंदाचेच दिवस होते. त्याच दिवसांत रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवा राहून जाऊ लागल्या. त्यांना कुणी हाकलले असे लूक लिहीत नाही. त्या राहून गेल्या, एवढेच. कुरकुर झाली. ‘सगळ्यांनी जरा लक्ष ठेवा’ असे सांगून प्रेषितांना मोकळे होता आले असते. आपल्या बैठकांत तसेच होते. त्यांनी मंडळीला सात माणसे निवडायला सांगितली आणि ती नावानिशी नेमली. स्तेफन, फिलिप्प आणि इतर पाच. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, त्यांच्याच भाषेतली.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मराठी मंडळीला हे समजावून सांगायला नको. दुसऱ्या भाषेतले परिपत्रक हाती येते तेव्हा पाठवणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो. आपण त्याच्या यादीत नसतो.

झाडाबाहेरच्या ड्रायव्हरांसाठीही एक सेवक नेमलेला आहे. डीकेएमएस हे त्याचे नाव, डेल कंपनीच्या अभियंत्यांनी 2003 साली तयार केलेला. ड्रायव्हरचा कोड तो जपून ठेवतो आणि नवा कर्नल आला की त्याच्यासाठी ड्रायव्हर पुन्हा बांधतो. मात्र त्याला सामान लागते. नव्या कर्नलच्या नेमक्या आवृत्तीच्या हेडर फाइली नसतील तर बांधणी होत नाही. आपल्या लॅपटॉपचे दुखणे हेच होते. कुणीतरी पूर्वी एकाच आवृत्तीचे हेडर बसवले होते. पुढच्या प्रत्येक कर्नलबरोबर हेडर आपोआप आणणारे पॅकेज बसवलेलेच नव्हते. आता ते आहे. शिवाय सिक्युअर बूट चालू असेल, तर ओळखीच्या किल्लीची सही नसलेला ड्रायव्हर नीट बांधलेला असूनही दारातच अडतो. ती किल्ली एकदा नोंदवून घ्यावी लागते.

अपडेट शनिवारी रात्री करायचे नाही, सोमवारी करायचे. रीस्टार्टच्या आधी ‘डीकेएमएस स्टेटस’ ही आज्ञा देऊन नव्या कर्नलच्या ओळीत ‘इन्स्टॉल्ड’ आले आहे का ते मी पाहते. जुना कर्नल काढून टाकत नाही, म्हणजे अडचण आली तर सुरुवातीच्या ग्रब मेनूतून तो निवडता येतो. कपाटात मोबाइलची डेटा केबल ठेवली आहे, कारण वायफायच गेले तर दुरुस्तीचे सामान उतरवायचे कशावरून? काही जण कर्नल ‘होल्ड’ करून अपडेटच थांबवतात. ड्रायव्हरची नवी आवृत्ती येईपर्यंत ठीक आहे, पण कायमचे तसे ठेवले तर कर्नलच्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात. यरुशलेमेतही विधवांसाठी कुणी मंडळीची वाढ थांबवली नाही.

हे सगळे आत्ताच लिहायचे कारण वायफाय नाही. उन्हाळ्यात आपण उपासनेची वेळ साडेनवावरून साडेआठवर आणली. निर्णय चांगला होता, सूचना व्हॉट्सॲपवर वेळेत गेली. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका आजींकडे मोबाइल नाही. लागोपाठ दोन रविवार त्या आशीर्वादाच्या वेळी पोहोचल्या. मान खाली घालून प्रार्थना केली आणि कुणाला काही न विचारता परत गेल्या. तिसऱ्या रविवारी आल्याच नाहीत. त्यांना वाटले होते, सकाळची उपासना बंद झाली.

पाळकसाहेबांनी आता एक वही केली आहे. व्हॉट्सॲपवर नसलेल्या, ऐकू न येणाऱ्या, घराबाहेर पडू न शकणाऱ्या माणसांची नावे तिच्यात आहेत, आणि प्रत्येकासमोर निरोप नेऊन देणाऱ्याचे नाव. आजींच्या नावासमोर तरुण संघातला एक मुलगा आहे. तो शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी जातो आणि चहा प्यायल्याशिवाय त्याची सुटका होत नाही.

सध्या वहीत अकरा नावे आहेत. पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाचा रविवार बदलतो आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या बाकावर असे आणखी कुणी असेल तर या सोमवारच्या आत मला सांगा. सोमवारी संध्याकाळी मी लॅपटॉपपाशी असतेच, वही तिथेच टेबलावर असते.